बेल्जियन ब्लूच्या नावाखाली विकलेल्या कोऱ्या कांड्या

मोबाईलवरचा तो बेल्जियन ब्लू जातीचा वळू बघितला आणि माझी मती गेली. मांडीवर दुसरी मांडी बांधल्यासारखं अंग. सिन्नर तालुक्यात दुधावर घर चालवणारा मी, मांसाच्या जनावराला भुललो कसा, देव जाणे. "भाऊ, गोऱ्हा झाला तर लाखाचा, कालवड झाली तर दुधाची टाकी," असं तो विकणारा म्हणाला आणि मी गोठवलेल्या वीर्याच्या दहा कांड्यांचे १२,००० रुपये फोनवरून पाठवले. पावती नाही.

गाय माजावर आली की तो येऊन भरून जायचा. पहिल्या दोन वेळेला कंटेनरचं झाकण काढल्यावर पांढरी वाफ आली. पुढं ती दिसलीच नाही. कांड्या गोठवून ठेवणारा नायट्रोजन संपलेला, हे आता कळतंय. त्यानंतर भरलेल्या तिन्ही गायी उलटल्या, गाभण राहिल्याच नाहीत. कांडीवर वळूचा नंबर, जात, केंद्राचं नाव छापलेलं असतं. याच्या कांड्या कोऱ्या. विचारलं तर म्हणे, "इम्पोर्टेड माल असाच येतो."

नऊ महिन्यांनी पहिली एचएफ (काळीपांढरी होल्स्टीन) गाय व्याली. वासराचे कान खाली लोंबलेले, थेट गीरचे! दुसरं वासरू पहिलारू (पहिल्यांदाच विणाऱ्या) कालवडीला झालं, आईसारखंच काळंपांढरं. तोवर त्याचा फोन बंद.

आमचे डॉक्टर म्हणाले, "सुटलात." खऱ्या बेल्जियन ब्लूत स्नायूंची वाढ आवरणारं मायोस्टॅटिन जनुकच बिघडलेलं असतं. त्यामुळं मांस भरपूर, चरबी कमी. युरोपातल्या मांसाच्या धंद्याला ते परवडतं. पण शुद्ध जातीची बहुतेक वासरं ऑपरेशन करून काढावी लागतात. काहींची जीभ एवढी मोठी, की चीकही ओढता येत नाही. दूध एचएफपेक्षा कमीच. संकरात हे सगळं सौम्य होतं, तरी पहिलारूला तसली कांडी भरणं म्हणजे जिवाशी खेळ. मी नेमकं तेच करायला निघालो होतो.

आणि गोऱ्हा झालाच असता तर? २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी. औताला जुंपावा, तर ते इगतपुरीकडच्या डांगी बैलाचं काम, या पहिलवानाचं नाही. लाख रुपये देणार कोण होतं, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट घेऊन पोलिसात अर्ज दिलाय. लोंबत्या कानांची कालवड सात महिन्यांची झाली. बायको तिला बेल्जी म्हणते, मला ऐकू जाईल अशा बेतानं.