प्लाझ्मा की एक्सएफसीई? जुन्या लॅपटॉपवाल्यांसाठी

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप, ४ जीबी रॅम आणि दिवसभर मराठी प्रुफं तपासायचं काम. तुमचीही गत अशीच असेल, तर लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) डेस्कटॉप, म्हणजे पॅनेल, मेनू, खिडक्या असं पडद्याचं सगळं रूप, कुठला बसवायचा हा घोळ शेवटी दोन नावांवर येतो: केडीई प्लाझ्मा आणि एक्सएफसीई. दोन्ही प्रकल्प १९९६ साली सुरू झाले. स्वभाव मात्र अगदी वेगळे.

प्लाझ्मात हात लावाल ते हलतं. पॅनेल (मेनू आणि उघड्या खिडक्यांची पट्टी) डावीकडे न्या, खिडकीची बटणं उलट्या बाजूला लावा, सगळं माउसने. ऑल्ट आणि स्पेस दाबलं की केरनर ही शोधाची पट्टी उघडते. तिच्यात फाइलचं नाव टाका नाहीतर बिलावरच्या जीएसटीचा गुणाकार करा. ५.२७ आवृत्तीपासून मेटा (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि टी दाबून पडद्याचे हवे तसे कप्पे पाडता येतात, मग शिफ्ट धरून खिडकी ओढली की ती कप्प्यात बसते. मूळ प्रत एकीकडे, प्रूफ दुसरीकडे. बाकी सगळी सजावट एका पारड्यात टाकली तरी मी हे कप्पेच उचलेन.

पण हीच मोकळीक नडते. आयकॉन बदलण्यात माझे दोन रविवार गेले आणि प्रुफं सोमवारी लोकलमध्ये तपासावी लागली, तीही उभ्याने. शिवाय ग्लोबल थीम, म्हणजे डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारा संच, ही नुसती रंगरंगोटी नव्हे, तिच्यात कोडही चालतो. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीमने एका वापरकर्त्याच्या फाइली पुसून टाकल्या होत्या. रंगसंगती आणि वॉलपेपर खुशाल बदला. ग्लोबल थीम उतरवताना जरा जपून.

एक्सएफसीई पहिल्यांदा उघडाल तेव्हा सरकारी कचेरीतला संगणक आठवेल. व्हिस्कर मेनू (शोधाची सोय असलेला स्टार्ट मेनू), बरी आयकॉन थीम आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाकला की तासाभरात रूप पालटतं. पॅनेल मात्र फार बारीक करू नका, माझ्याकडे वेलांट्या कापल्या जात होत्या. खिडकी अर्ध्या पडद्यावर बसवायचे शॉर्टकट मुळात नमपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडचे आकडे) असतात आणि छोट्या लॅपटॉपला नमपॅडच नसतो, म्हणून ते विंडो मॅनेजरच्या कीबोर्ड टॅबमध्ये स्वतः नेमा. खरी कमाई एक्सएफसीईचा फाइल मॅनेजर थुनार याच्या कस्टम अ‍ॅक्शनमध्ये आहे: राइट क्लिकच्या मेनूत आपली कमांड घालता येते. मी निवडलेली प्रुफं झिप करून तारखेच्या नावाने ठेवायची कमांड घातली आहे. रोजची पाच मिनिटं वाचतात.

मशीन बदललं तर? एक्सएफसीईची बहुतेक मांडणी एका फोल्डरात असते, तो उचलून नव्या मशीनवर ठेवला की काम झालं. प्लाझ्माची मांडणी बऱ्याच फाइलींत विखुरलेली, त्या गोळा करता करता नाकी नऊ येतात.

ग्नोम या तिसऱ्या डेस्कटॉपचं एका वाक्यात: काही बदलायचंच नसेल तर सुबक, पण एक्स्टेन्शनांवर (वरून जोडायच्या सोयींवर) विसंबलात तर दर सहा महिन्यांच्या नव्या आवृत्तीला त्यातलं एखादं रुसतं.

८ जीबी किंवा जास्त रॅम असेल, किंवा लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर यांना वेगवेगळं स्केलिंग (अक्षरं-चित्रं लहानमोठी करणं) हवं असेल, तर प्लाझ्मा घ्या. माझ्या ४ जीबीवर एक्सएफसीईच आहे. तरीही ठरत नसेल तर दोन्ही बसवा, लॉगिनच्या पडद्यावर हवं ते निवडता येतं. फक्त प्रत्येकासाठी वेगळा युजर करा, नाहीतर एकाच्या थीम आणि फॉन्ट दुसऱ्यात घुसतात.