छुपा चार्जर, पेन आणि ट्रॅकर : पाळतीच्या पाच वस्तू वापरून पाहिल्यानंतर

गेल्या सहा महिन्यांत मी पाळत ठेवण्याच्या पाच वस्तू विकत घेतल्या. तीन नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांतून घेतल्या आणि दोन ऑनलाइन मागवल्या. इंदिरानगरच्या घरी माझी ७८ वर्षांची आई सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिची देखभाल करणाऱ्या कामाच्या मावशींच्या भरवशावर असते आणि मी त्या वेळेत अंबडच्या कारखान्यात असते. आईला औषधे वेळेवर मिळतात की नाही, ती पडली तर कोणाला कळते की नाही, ही काळजी मला दुकानापर्यंत घेऊन गेली. अशा काळजीपोटी या वस्तू घेणारे नाशिकमध्ये बरेच असतील, म्हणून माझा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिली वस्तू म्हणजे चार्जरच्या आकाराचा कॅमेरा, किंमत १,८५० रुपये. समोरून तो नेहमीच्या मोबाइल चार्जरसारखा दिसतो आणि यूएसबीच्या खाचेवर टाचणीच्या डोक्याएवढे भिंग असते. दुकानदाराने बिल दिले नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता किंवा कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीही छापलेले नव्हते. वेष्टनबंद मालावर हा तपशील असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो नसेल तर वस्तू तिथेच परत ठेवावी, हे मी पैसे मोजल्यानंतर शिकले.

घरी आल्यावर पहिली संध्याकाळ वाय-फाय जोडण्यात गेली. हे स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. आमचा राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवत असल्याने ते वेगळे करावे लागले. त्यानंतर ॲपने मोबाइलमधील संपर्क, ठिकाण आणि माइक यांची परवानगी मागितली. कॅमेऱ्याचा मूळचा पासवर्ड आठ हा अंक सहा वेळा एवढाच होता आणि तो बदला, असे माहितीपत्रकात कुठेही सुचवलेले नव्हते. माझ्या आईच्या खोलीतले चित्र कोणत्या देशातल्या कोणत्या सर्व्हरवरून माझ्या मोबाइलवर येते, हे ॲपमध्ये शोधूनही सापडले नाही. घरात नजर ठेवायला आणलेली वस्तू घराचे दार बाहेरच्यांसाठी उघडत असेल, तर तिचे बाकीचे गुण मोजण्यात अर्थ उरत नाही.

गुणही फारसे नव्हते. चार्जर जिथे प्लग असतो तिथेच लागतो, त्यामुळे पलंगाशेजारच्या खालच्या बोर्डावरून मला आईच्या गादीची कड आणि मावशींचे पाय एवढेच दिसत होते. म्हणून मी तो दाराजवळच्या वरच्या बोर्डावर, पडद्याला लागून लावला. लाइट गेली की तो बंद पडे आणि लाइट आल्यावर पुन्हा जोडायला दोन-तीन मिनिटे घेई. दिवसभर चालू राहिल्याने तो चांगलाच तापत असे.

आठव्या दिवशी मावशींचाच फोन आला. ‘‘ताई, हा दाराजवळचा चार्जर मोबाइल न लावताही एवढा तापतो कसा? पडद्याला टेकलाय, मी काढून ठेवू का?’’ त्यांना आग लागण्याची भीती वाटत होती आणि मला मात्र त्यांच्यावरच लक्ष ठेवायचे होते. त्या संध्याकाळी मी त्यांना खरे सांगितले. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत आणि मग एवढेच म्हणाल्या, ‘‘मी आल्यावर याच खोलीत साडी बदलते, ताई.’’

ही गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती. मी मेमरी कार्ड न पाहता त्यांच्यासमोर पुसले आणि ॲपवरचे खातेही काढून टाकले. नंतर कायदा वाचला. जिथे आपल्याला कोणी पाहत नाही अशी स्त्रीची रास्त अपेक्षा असते, तिथे तिच्या खासगी क्षणाचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीसाठी एक ते तीन वर्षांचा कारावास आणि पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षांचा, शिवाय दंड. संमतीशिवाय कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचे मुद्दाम चित्रण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई लागू होते. घर माझे, वीज माझी आणि कॅमेराही माझा असला, तरी त्या खोलीत मावशींचा खासगीपणा त्यांचाच होता. दुकानात या कलमांचा उल्लेख कोणी करत नाही.

पेन कॅमेऱ्याविषयी थोडक्यात सांगते. ९०० रुपयांच्या या पेनची बॅटरी ५० मिनिटे टिकली आणि खिशाला लावल्यावर चित्रात समोरच्या माणसाची हनुवटी आणि छतावरचा पंखा आला. बॅटरी पूर्ण उतरली की आतले घड्याळ मूळच्या तारखेवर जाते, त्यामुळे प्रत्येक चित्रणावर चुकीची तारीख पडते. वादात पुरावा म्हणून असे चित्रण उपयोगी पडेल, असे समजून कोणी पेन घेत असेल, तर त्याने आधी वकिलाला विचारावे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि तिथे चुकीची तारीख अडचणीची ठरते.

तिसरी वस्तू सिमकार्ड घालायची काडेपेटीएवढी डबी होती. तिच्या नंबरवर फोन केला की ती आवाज न करता फोन उचलते आणि खोलीतले बोलणे ऐकू येते. ही डबी २जी वर चालते आणि जिओचे २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे घरातले जिओचे सिम तिच्यात निरुपयोगी ठरले. दुकानदाराला हे ठाऊक नव्हते. मात्र ‘‘गाडीत सीटखाली टाका, मिस्टरांना पत्ताही लागणार नाही,’’ हे त्याने मी न विचारता सांगितले. त्या वाक्याचा मला आजही राग आहे. पती-पत्नीचे भांडण असो की शेजाऱ्याचा संशय, दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकण्याचे साधन असे खेळण्यासारखे विकले जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आहे. ती डबी मी दुसरे सिम न घालताच मोडीत टाकली.

मोकळ्या मनाने शिफारस करावी अशी वस्तू एकच निघाली आणि ती माझ्या भावाच्या कामी आली. निफाडजवळ त्याची द्राक्षबाग आहे आणि माल नेणाऱ्या पिकअपसाठी आम्ही बॅटरीला जोडायचा जीपीएस ट्रॅकर घेतला. सिम आणि वर्षाच्या वर्गणीसह तो ३,२०० रुपयांना पडला. कसारा घाटात नेटवर्क गेले की तो नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि नेटवर्क आल्यावर पाठवतो, त्यामुळे मार्ग तुटत नाही. बसवण्याआधी भावाने चालकाला सगळे सांगितले आणि नकाशा त्याच्याही मोबाइलवर दिला. पुढे मुंबईच्या बाजारात गाडी पाच तास उभी ठेवली गेली, तेव्हा त्या नोंदीवरूनच चालकाला थांबण्याचे पैसे मिळाले. चोरून बसवलेल्या ट्रॅकरचा त्याला असा उपयोग झाला नसता.

पाचवी वस्तू छुपे कॅमेरे शोधणारे यंत्र. सिंहस्थासाठी येणारे आमचे नातेवाईक लॉजवर उतरतील, म्हणून ते आधीच मागवून ठेवले. घरात फिरवले तेव्हा ते राउटरपाशी वाजले, मायक्रोवेव्हपाशी वाजले आणि माझ्या स्वतःच्या मोबाइलपाशीही वाजले. चालू असलेल्या पेन कॅमेऱ्याजवळ मात्र ते गप्प राहिले. कारण सरळ आहे : हे यंत्र रेडिओ लहरी ओळखते आणि मेमरी कार्डावर चित्रण करणारा कॅमेरा लहरी सोडतच नाही. त्यापेक्षा खोलीत अंधार करून टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरावा आणि घड्याळ, धुराचा सेन्सर, सेट-टॉप बॉक्स, आरशाची चौकट यांवरून सावकाश फिरवावा. भिंग असेल तिथे प्रकाशाचा बारीक ठिपका परत चमकतो. अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जांभळट दिसू शकतात. आपला मोबाइल ते दाखवतो का, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर तपासून पाहावे. या दोन्ही युक्त्यांनी मला चार्जर आणि पेन सापडले, १,४०० रुपयांच्या यंत्राने फक्त चार्जर सापडला.

आईच्या खोलीत आता काहीही नाही. हॉलमध्ये, सर्वांना दिसेल असा एक साधा कॅमेरा आहे. तो मी बिल घेऊन, खोक्यावरचे तपशील वाचून आणि भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक पाहून आणला. पासवर्ड बदलला आणि ॲपला संपर्कांची परवानगी दिली नाही. घेताना एकच अट ठेवली होती : भिंगावर हाताने सरकवता येणारे झाकण असावे. दुपारी दोन ते चार आई आणि मावशी हॉलमध्येच जरा आडव्या होतात. त्या वेळेपुरते मावशी ते झाकण लावतात आणि चार वाजता उघडतात. कधी उघडायचे विसरल्या तर मी फोन करते.