सीटी स्कॅनची परीक्षा: यकृतात पहिला वर्ग, लसीका ग्रंथींत काठावर पास

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरण्याआधी छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्टसह (शिरेतून टोचायचं, चित्रात अवयव उजळवणारं औषध) सीटी स्कॅन सांगतात, आणि ते योग्यच आहे. रोग यकृतात किंवा फुप्फुसात पोचलाय का, याचं उत्तर इतक्या लवकर दुसरी तपासणी देत नाही. फक्त पोटाचा स्कॅन करून आणलात तर छातीसाठी दुसरी फेरी ठरलेली, म्हणून चिठ्ठीवर तिन्ही भाग लिहिलेत का ते आधी बघा.

या तपासणीचा जीव वेळेत आहे. कॉन्ट्रास्ट शिरेतून गेल्यावर साधारण ६० ते ७० सेकंदांनी यकृत उजळतं आणि आतड्याच्या कॅन्सरचे डाग त्यावर काळसर उठून दिसतात. चित्रण फार लवकर झालं तर तेच डाग लपतात. साधा, म्हणजे कॉन्ट्रास्टविना केलेला स्कॅन यकृतासाठी जवळजवळ वायाच. आधी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलेलं हवं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल किंवा पूर्वी कॉन्ट्रास्टची रिअॅक्शन आली असेल, तर तसं टेबलावर चढण्याआधी सांगायचं. सुई कोपराजवळच्या जाड शिरेत बसवलेली बरी, कारण मशीन सेकंदाला सुमारे ३ मिलि वेगाने औषध ढकलतं आणि बारीक शिरेतून ते बाहेर झिरपून हात सुजतो.

आता आतड्याच्या गाठीकडे. आतड्याच्या भिंतीचे थर सीटीला वेगळे दिसत नाहीत, त्यामुळे टी१ की टी२ (गाठ भिंतीत किती खोल गेली याचे टप्पे) हा रिपोर्टातला अंदाजच समजायचा. गाठ भिंतीबाहेरच्या चरबीत किती मिलिमीटर घुसलीये, हे मात्र बऱ्यापैकी कळतं, आणि ५ मिमीच्या वर गेली तर ती जास्त धोक्याची. गाठीभोवतीच्या सुजेने चरबी धूसर झाली की रोग आहे त्याहून पुढे गेल्यासारखा वाटतो. बारीक रुग्णात चरबीच कमी, मग कड ओळखणं आणखी अवघड. ऑपरेशनआधी ६ आठवडे केमोथेरपी देऊन पाहणाऱ्या फॉक्सट्रॉट चाचणीत रुग्णांची निवड सीटीवरच्या टी३-टी४ वर, म्हणजे भिंतीपलीकडे गेलेल्या गाठींवर, झाली होती. आधी ऑपरेशन केलेल्यांच्या तुलनेत दोन वर्षांत रोग उरणं वा परतणं २१.५ टक्क्यांवरून १६.९ टक्क्यांवर आलं. म्हणजे रिपोर्टातला हा मिलिमीटरचा आकडा उपचाराचा क्रमही बदलू शकतो.

लसीका ग्रंथींबाबत (लिम्फ नोड) मात्र स्कॅनवर फार विसंबू नये. लहान ग्रंथीत कॅन्सर असू शकतो आणि मोठी ग्रंथी नुसत्या सुजेने फुगलेली असू शकते. आकारापेक्षा ओबडधोबड कड, आतला असमान रंग आणि घोळका जास्त बोलतो. आपल्याकडे त्यात क्षयाची भर: लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरचा क्षय हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो, म्हणून तिथली बायोप्सी चुकवायची नाही. पोटाच्या अस्तरावरचे काही मिलिमीटरचे दाणे तर बहुतेक सुटतातच, ते पोटात दुर्बीण घालून (लॅप्रोस्कोपी) पाहिल्यावरच सापडतात.

यकृतातला १ सेंमीपेक्षा लहान, ‘नक्की सांगता येत नाही’ असा डाग दिसला तर घाबरून पेट-सीटीकडे (किरणोत्सारी साखर टोचून करायचा स्कॅन) धावू नका, आधी यकृताचा एमआरआय. गुदाशयाच्या गाठीला ओटीपोटाचा एमआरआयच लागतो, तिथे सीटीचं काम फक्त इतरत्र पसरण शोधणं.

सर्जनकडे जाताना नुसती फिल्म चालत नाही, मूळ चित्रांची सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक जाड काप असतात, सीडीत बारीक कापही असले पाहिजेत. छातीतल्या बारीक ठिपक्यांचा निवाडा बहुतेक वेळा जुन्या स्कॅनशी ताडूनच होतो, तेव्हा घरात जुनी सीडी असेल तर तीही सोबत घ्या.