प्लॅस्टिकच्या कवचाची जोडणी: स्क्रू की खटके?
रिमोट किंवा चार्जरसारख्या वस्तूच्या कवचाचे दोन भाग स्क्रूने जोडायचे की साच्यातच घडवलेल्या खटक्यांनी (टोकाला आकडा असलेल्या, एकमेकांत अडकणाऱ्या लवचीक पट्ट्यांनी), या निर्णयाचा परिणाम उपयोग, रूप आणि खर्च या तिन्हींवर एकदम होतो. खटक्यांमुळे पृष्ठभागावर छिद्र दिसत नाही आणि जुळणीचा वेळ वाचतो. मात्र खटक्याच्या आकड्यासाठी साच्यात अनेकदा सरकता भाग द्यावा लागतो, त्यामुळे साचा महाग पडतो आणि तो खर्च मोठ्या उत्पादनातच भरून निघतो. शिवाय आकड्याच्या मुळाशी कोपरा धारदार राहिला, तर ताण नेमका तिथेच एकवटतो आणि कवच दोन-चार वेळा उघडताच पट्टी तडकते. तिथली छोटीशी गोलाई विसरणे मला अक्षम्य वाटते.

स्क्रूची डोकी दिसतात, हे खरे, पण ती तळाच्या बाजूला नेता येतात. थेट प्लॅस्टिकमध्ये पिळलेल्या स्क्रूचे आटे वारंवार उघडझाप केल्याने झिजतात. ते टाळण्यासाठी पितळी बुश (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) बसवले की खर्च पुन्हा वाढतो.

तरीही बॅटरी बदलावी लागणाऱ्या वस्तूसाठी मी स्क्रूच निवडेन, कारण दुरुस्ती करणाऱ्याला कवच न मोडता आत पोहोचता येते.