कंपनी फक्त वेगळी

“तेच औषध आहे काका, कंपनी फक्त वेगळी.” एवढ्या एका वाक्यावर मी गोळ्या पिशवीत टाकल्या आणि घरी आलो. “नक्की तेच ना?” असं विचारलं होतं खरं, पण विचारता विचारता हात पैशाच्या पाकिटाकडे गेला होता. म्हणजे उत्तर काय यायला हवं, ते मीच ठरवून टाकलं होतं.

बाबांना फिटची गोळी चालू आहे. कार्बामाझेपिन, 400 मिलिग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक. चार वर्षांत एकही फिट नाही. त्या दिवशी नेहमीच्या दुकानात माल संपला होता, म्हणून दुसऱ्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीवर नजर टाकली, आत गेला आणि कडेने कापलेल्या दोन पट्ट्या घेऊन आला. तीस गोळ्या. नाव छापलेला भाग कापताना दुकानातच राहिला होता, हे तेव्हा दिसलं नाही. दिसलं असतं तरी मनावर घेतलं नसतं.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, “बातम्या देणाऱ्या बाईला आज दोन तोंडं आहेत.” आम्ही हसलो. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर नंबर होता तोच. मग बाबा चालताना भिंत धरायला लागले. हे सगळं सकाळची गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांनी व्हायचं आणि दुपार उतरता उतरता माणूस पुन्हा ठीक. घड्याळ लावल्यासारखा हा प्रकार रोज समोर दिसत होता आणि मी तो वयाच्या खात्यावर टाकत होतो. अकराव्या दिवशी पहाटे फिट आली.

दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल तर, “चिठ्ठी नको, प्रत्यक्ष गोळ्या दाखवा.” मी घरी पळालो. बाबांना रिकाम्या पट्टीची खूण वाचत्या पुस्तकात घालायची सवय आहे, त्यामुळे जुनी पट्टी नशिबाने सापडली. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. जुन्या पट्टीवर औषधाच्या नावापुढे दोन अक्षरं होती, ‘सीआर’. नव्या पट्टीच्या कापलेल्या कडेशी ‘पिन टॅबलेट्स’ एवढंच उरलं होतं आणि त्याच्या पुढेमागे सीआर कुठेच नव्हतं.

सीआर म्हणजे कंट्रोल्ड रिलीज. गोळीची घडणच अशी असते की औषध तासन् तास थोडं थोडं सुटत राहतं. साध्या गोळीतून तेवढंच औषध खूप लवकर रक्तात उतरतं. पातळी एकदम चढते, तेव्हा एकाचं दोन दिसतं, तोल जातो. आणि पुढच्या गोळीची वेळ येईस्तोवर ती नको तितकी खाली येते. घटक तोच, मिलिग्रॅम तेवढेच. दुकानातल्या मुलाचं वाक्य अक्षरशः खोटं नव्हतं, हीच त्यातली मेख.

पण हे नुसतं चुकून झालं नव्हतं, हे बिलाने सांगितलं. बिलावर डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडचंच नाव होतं, सीआरसकट, आणि भावही त्याचाच. पट्टीच्या कोपऱ्यावर ठोकलेला बॅच नंबर मात्र बिलावरच्या नंबराशी जुळत नव्हता. म्हणजे दिली एक वस्तू आणि पैसे घेतले दुसरीचे. पट्टी नेमकी नावाच्या बाजूनेच का कापली गेली, याचाही मग उलगडा झाला.

दुकानात परत गेलो तेव्हा मालक शांतपणे म्हणाले, “सॉफ्टवेअरमध्ये तेच नाव येतं.” मग आवाज खाली आणून, “डॉक्टर लोक ब्रँड का लिहितात, तुम्हाला माहीत नाही का?” हा फार हुशार डाव असतो. जेनेरिकच्या, म्हणजे मूळ ब्रँडऐवजी त्याच घटकाच्या दुसऱ्या कंपनीच्या औषधाच्या, बाजूने बोलतोय असं दाखवायचं, म्हणजे समोरचा गप्प होतो. मी स्वतः रक्तदाबाची जेनेरिक गोळी घेतो आणि मला तिचा काडीचाही त्रास नाही. जेनेरिक म्हणून मान्यता मिळवायची तर औषध रक्तात किती आणि किती वेगाने पोचतं, याची मूळ औषधाशी तुलना करावी लागते. दोन्हींच्या सरासरीचं गुणोत्तर, मोजमापातली अनिश्चितता (90 टक्के विश्वासांतर) धरूनही, 80 ते 125 टक्क्यांच्या पट्ट्यात बसावं लागतं. (याचा अर्थ गोळीत औषध 20 टक्के कमी चालतं, असं पुष्कळ लोक सांगत फिरतात. तसं नाही.) पण ही तुलना सारख्या प्रकारच्या गोळ्यांची असते. सीआरच्या जागी साधी गोळी देणं म्हणजे जेनेरिक देणं नव्हेच.

नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, पण बदल करायचा तर घटक, ताकद आणि गोळीचा प्रकार तिन्ही जुळले पाहिजेत, हे जवळपास सगळीकडे धरलेलं असतं. जर्मनीत डॉक्टरांनी चिठ्ठीवरच्या ‘आउट इडेम’च्या (म्हणजे ‘किंवा तसंच दुसरं’) चौकटीवर फुली मारली की औषध बदलता येत नाही. अमेरिकेत डॉक्टर ‘डिस्पेन्स अ‍ॅज रिटन’ (म्हणजे लिहिलंय तेच द्या) असं लिहू शकतात. भारतात तर औषधविषयक 1945 च्या नियमांतला नियम 65 (11अ) सांगतो की शेड्यूल एच आणि एक्समधल्या, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या, औषधांची चिठ्ठी असेल, तर तिच्यातल्या औषधाऐवजी दुसरं काही देता येत नाही, घटक तोच असला तरीही. हे मला फिट येऊन गेल्यावर कळलं.

फिटच्या औषधांचं प्रकरण तर आणखी नाजूक. ब्रिटनच्या औषध नियामकाने 2013 मध्ये या औषधांचे तीन गट पाडले आणि पहिल्या गटात फेनिटॉइन, फिनोबार्बिटल, प्रिमिडोन यांच्याबरोबर कार्बामाझेपिनही ठेवलं. या गटातलं औषध घेणाऱ्याला शक्यतो एकाच कंपनीचं औषध सतत द्यावं, असा त्यांचा सल्ला आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधली भर (औषधाबरोबर भरायची निष्क्रिय पूड) बदलली, कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज घातलं, आणि बऱ्याच रुग्णांच्या रक्तात औषध वाजवीपेक्षा जास्त चढलं. औषध तेच, मात्रा तीच, बदलली ती नुसती भर.

आता मी काउंटरवरून हलायच्या आधी पट्टी उलटी करतो. नाव, ताकद, आणि त्यापुढची सीआर, एसआर, एक्सआर, ईआर अशी जी काही शेपटी असेल ती. मग बिलावरचा बॅच नंबर पट्टीवरच्या नंबराशी ताडून बघतो. मागे रांग असली की लोक वैतागतात, वैतागू देत. नाव कापून गेलेली पट्टी घेतच नाही. बदल करायचाच असेल तर “डॉक्टरांना फोन लावून विचारतो,” म्हणतो. एवढ्यावर दोन ठिकाणी मूळ औषध आतून निघालं. आणि समोरचा माणूस फार्मासिस्ट आहे का, हे थेट विचारतो. त्या मेडिकलच्या भिंतीवर प्रमाणपत्र होतं, फोटोसकट. फोटोतली व्यक्ती मात्र दोन्ही खेपेला दुकानात नव्हती.

मालकांनी शेवटी उरलेल्या गोळ्या परत घेऊन पैसे द्यायची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. औषध नियंत्रण खात्याकडे लेखी तक्रार दिली आहे, दोन्ही पट्ट्यांचे आणि बिलाचे फोटो जोडून. दहा गोळ्या उरलेली पट्टी बिलाला टाचून कपाटात ठेवली आहे, आणि बाबा दर आठवड्याला विचारतात, ती अजून घरात का ठेवली आहेस म्हणून.