मुंबई ते न्यूयॉर्क: थेट विमान, दुबईमार्गे की लंडनमार्गे?

मुंबईच्या सहार विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. दुबईमार्गे ते सुमारे १२,९५० आणि लंडनमार्गे सुमारे १२,७५० किलोमीटर भरते. भिंतीवरच्या सपाट नकाशाकडे पाहून हे पटत नाही. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट मध्य आशिया आणि रशियाकडे वर चढते व उत्तर अटलांटिकवरून कॅनडाच्या बाजूने खाली उतरते. किलोमीटरचा फरक इतका किरकोळ असल्यामुळे नातवंडाच्या जन्मासाठी निघालेल्या आईवडिलांचे तिकीट काढताना खरा प्रश्न उरतो तो तासांच्या वाटणीचा.

थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात. हिवाळ्यात रात्री एकला निघालेले विमान तिथल्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरते, कारण तेव्हा न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा होतो. हवाई हद्दी बंद झाल्या की ही वेळ वाढू शकते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केल्यावर पश्चिमेकडच्या अनेक उड्डाणांना वळसा पडला होता.

दुबईमार्गे पहिला टप्पा सव्वातीन तासांचा आणि दुसरा सुमारे चौदा तासांचा असतो, मध्ये तीन तासांचा थांबा धरला तर एकूण वीस तास सहज होतात. तिकीट स्वस्त मिळत असेल तर गोष्ट वेगळी, पण ‘आईचे गुडघे धरतात, मध्ये पाय मोकळे होतील’ म्हणून हा मार्ग निवडणे मला फसवे वाटते, कारण थांबा येतो तेव्हा पाय अजून आखडलेलेच नसतात आणि मोठी बैठक पुढे तशीच शिल्लक राहते. लंडनमार्गेही वीसेक तास लागतात, मात्र तिथे साडेनऊ आणि आठ तास अशी जवळपास निम्मी वाटणी होते. पाठदुखीच्या किंवा पायांना सूज येणाऱ्या माणसाला हाच थांबा उपयोगी पडतो.

अर्थात थांबा म्हणजे लांब चालणे, प्रसंगी टर्मिनल बदलणे आणि पुन्हा सुरक्षा तपासणी. केबिन बॅगेत ठेवलेली लोणच्याची बरणी तिथे अडू शकते. ती चेक-इन सामानातच हवी. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत, म्हणजे पहिले विमान उशिरा पोहोचले तर पुढची सोय कंपनी करते. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्याला लंडनमध्ये विमानतळाबाहेर न पडता विमान बदलण्यासाठी साधारणतः वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी नियम तपासावा.

इंग्रजीत विचारपूस करायला बिचकणारे, पण प्रकृतीने धडधाकट असे आईवडील असतील तर मी थेट विमानच निवडेन. परतीला तर नक्कीच, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने तेच अंतर तास-दीड तास लवकर कापले जाते. मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत असेल तर केनेडीऐवजी त्याच राज्यातल्या न्यूअर्क विमानतळाचे विमान पाहावे. पहाटे घ्यायला येणाऱ्या जावयाची शहर ओलांडण्याची यातायात वाचते.