फ्युचुरामाचे पहिले चार डीव्हीडी सेट: चॅनलने विस्कटलेली मालिका एकदा ओळीने बघा

फ्युचुरामा या, भविष्यातल्या अंतराळ डिलिव्हरी कंपनीवरच्या अमेरिकन कार्टून मालिकेचे पहिले चार डीव्हीडी सेट बघून संपवले, एकूण ७२ एपिसोड. आधीच सांगते, ही मालिका तुम्ही टीव्हीवर मिळेल तशी बघितली असेल तर अजून नीट बघितलेलीच नाहीये. माझंही तेच झालं होतं. रीरनमध्ये मधलाच कुठलातरी एपिसोड लागायचा, मी हसायचे आणि मला वाटायचं की दर वेळी नवा ग्रह नवी डिलिव्हरी, मागचा पुढचा काही संबंध नाही. सेटमध्ये एपिसोड ज्या क्रमाने बनले त्याच क्रमाने लावलेत आणि तसे बघत गेलं की कळतं मालिका घडवणाऱ्या मॅट ग्रेनिंग आणि डेव्हिड एक्स कोहेननी किती लांबचं आधीपासून पेरून ठेवलं होतं.

पहिला एपिसोड लागला २८ मार्च १९९९ ला. त्यात मालिकेचा नायक फ्राय खुर्चीसकट मागे कलंडून माणसं गोठवायच्या फ्रीझरमध्ये पडतो, हजार वर्षांनी जागा व्हायला, तेव्हा टेबलाखाली क्षणभर एक सावली दिसते, आणि ती कुणाची हे कळतं थेट एप्रिल २००३ मध्ये! फ्रायची सहकारी लीला, तिचंही तसंच, ती स्वतःला परग्रहावरची अनाथ समजते पण तिचे आईवडील दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडमध्ये गटारातल्या म्युटंट लोकांच्या गर्दीत गुपचूप उभे आहेत. मी पॉज करून मागे जाऊन बघितलं आणि अंगावर काटा आला खरंच.

आता एवढं विणून ठेवलेलं काम फॉक्स या अमेरिकन चॅनलने दाखवलं कसं, तर चार सीझनचे एपिसोड पुढेमागे करून पाच सीझनमध्ये पसरले. चौथ्या सेटमधला पहिला एपिसोड, किफ नावाचा परग्रहवासी गरोदर राहतो तो, लागला जानेवारी २००३ मध्ये आणि त्याच्या नंतर बनलेला लीलाच्या आईवडिलांचा एपिसोड त्याच्या जवळपास अकरा महिने आधीच लागून गेला होता. रोबो सांताचा, म्हणजे खुनशी यांत्रिक सांताक्लॉजचा, दुसरा एपिसोड बनून तयार होता पण संध्याकाळच्या वेळेला जास्तच हिंसक म्हणून अडवला, तो शेवटी डिसेंबर २००१ मध्ये दाखवला. त्यात भर म्हणजे रविवारी संध्याकाळी सातचा स्लॉट, फुटबॉलची मॅच लांबली की त्या दिवशीचा एपिसोड गेला. प्रेक्षकाने सवय लावून घ्यायची तरी कशी? मग आकडे येत नाहीत म्हणायचं!

आणि ही ढवळाढवळ सुरुवातीपासूनच होती. आत्महत्येचा बूथ नको, लॉबस्टरसारखा डॉक्टर झॉइडबर्ग कशाला, बेंडर हा रोबो फार वाईट वागतो, अशा सगळ्या गोष्टींवर फॉक्सची मंडळी बिचकली होती आणि हे ग्रेनिंगने तेव्हाच उघडपणे सांगितलं होतं. ज्या माणसाच्या सिम्पसन्स मालिकेवर हे चॅनल दहा वर्षं उभं राहिलं त्याच्यावर एवढाही विश्वास नाही याचं मला फार वाईट वाटतं. बेंडर सरळ वागणारा रोबो केला असता तर उरलं काय असतं मालिकेत!

सेटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कॉमेंट्री, ती प्रत्येक एपिसोडला आहे, सगळ्या ७२. लेखक, दिग्दर्शक, आवाज देणारे कलाकार एकत्र बसून बोलतात. कधीकधी विषय सोडून भलतीकडेच जातात आणि मधली काही मिनिटं कंटाळवाणी होतात हे खरं, पण हे लोक आपल्या कामावर किती जीव टाकतात ते ऐकू येतं. यातला लेखक केन कीलर तर हार्वर्डचा गणितातला पीएचडी आहे. पाट्यांवर परग्रहावरच्या लिपीत लिहिलेले विनोद आहेत, एक लिपी प्रेक्षकांनी पटकन सोडवली म्हणून यांनी दुसरी अवघड लिपी आणली. असे लोक हाताशी असताना त्यांना कामाला मोकळं सोडायला काय हरकत होती?

तक्रार एकच, चित्र जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं आहे त्यामुळे रुंद स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मला दोन एपिसोडनंतर त्या जाणवेनाशा झाल्या. चित्र ताणून मात्र बघू नका, अंतराळ जहाजाचे थ्रीडी शॉट पार बिघडतात.

फॉक्सने मालिका बंद केली असं कधी जाहीरही केलं नाही, नुसते नवीन एपिसोड मागवणं थांबवलं. परत आणली ती याच डीव्हीडींच्या खपाने आणि अ‍ॅडल्ट स्विम या दुसऱ्या चॅनलवरच्या रीरनने, २००७ मध्ये सिनेमा थेट डीव्हीडीवर आला आणि २०१० पासून कॉमेडी सेंट्रलवर नवीन एपिसोड. म्हणून हे सेट विकत घेणाऱ्या तेव्हाच्या प्रत्येकाचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात.

बघायला घेतलंत तर पहिल्यापासून ओळीने बघा, फ्रायच्या कुत्र्याचा एपिसोड आधी काढून बघू नका, आणि चौथ्या सेटचा शेवटचा एपिसोड रात्री निवांत असताना लावा. तो लागला १० ऑगस्ट २००३ ला, पुढे काही येणार की नाही काहीच नक्की नव्हतं. त्यात फ्रायचा ऑपेरा चालू असतो, वाजवता वाजवता सगळं बिघडतं आणि अख्खं थिएटर उठून निघून जातं, एकटी लीला जागेवर बसून राहते, तिला शेवट ऐकायचा असतो.